गावच्या अभ्यासिकेत ई-रीडर घ्यावेत की छापील पुस्तकंच?

तापीकाठ: माझं मत ई-रीडरला. हे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, मोबाइलशी त्याची गल्लत नको. मोबाइल डोळ्यांत उजेड मारतो. ई-इंकच्या पडद्यात काळेपांढरे कण सरकतात आणि अक्षर बाहेरच्या उजेडात दिसतं, कागदासारखंच. भर दुपारी ओट्यावर बसूनही वाचता येतं. वीज खाते ती मुख्यतः पान पलटताना, त्यामुळे भारनियमनाचं भ्या नाही.

खापरावरचे मांडे: ओटा ठीक हो भाऊ, पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीचं काय? जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांना टेकतो, अन् या यंत्रांची वापरमर्यादा साधारण ३५. उष्णतेनं बॅटरीत वायू धरतो, मागची पाठ फुगते. शिवाय बहुतेक पडद्यांखाली पातळ काच असते. दप्तरात डब्याचा कोपरा रुतला की रेघा कायमच्या. पुस्तक पडलं तर झटकायचं.

तापीकाठ: आणि वाळवी, कसर? स्वस्त कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेला घटक, याच उन्हात पिवळं पडतं, कोपरा दुमडला की तुकडा हातात!

गिरणेकर: यंत्र राहू द्या, घोडं पेंड खातं ते फायलीपाशी. जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या. तिथं मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असतं. पानातून मजकूर सुटा करून मोठा करायला गेलं की नुसता कचरा. एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, मराठी उमटला तर बहुधा युनिकोड, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःची जागा असलेली फाइल. स्कॅन असेल तर कॉपीच होत नाही. ए४ पान २१ सेंमी रुंद, ६ इंची पडदा जेमतेम ९; म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ५ वर येतं. समास कापून यंत्र आडवं धरलं तर ९ पॉइंटपर्यंत मिळतं.

तापीकाठ: स्कॅनवरून सॉफ्टवेअरनं मजकूर उतरवून घ्यायचा, मग हवा तेवढा मोठा करा.

गिरणेकर: प्रमाण मराठी असेल तर जमेल, तेही जोडाक्षरं तपासून. अहिराणी ओव्या उतरवून पाहा. सॉफ्टवेअर अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दाकडे ओढतं. ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, तिचं ‘अंडे’ व्हायला वेळ लागत नाही. मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडायला माणूस आहे का?

तापीकाठ: हे मान्य. अहिराणी कागदावर ठेवू. स्पर्धा परीक्षेच्या जाडजूड पुस्तकांना तरी ई-रीडर घ्या.

खापरावरचे मांडे: नेमकी तीच नका घेऊ. साध्या ई-रीडरवर तक्ते-नकाशे करड्या रंगात, अन् मागच्या प्रकरणात बोट घालून पुढचं वाचता येत नाही. त्यात विकतचं ई-पुस्तक बहुधा घेणाऱ्याच्या ऑनलाइन खात्याला बांधलेलं. खातं कुणाच्या नावावर काढणार, अध्यक्षाच्या? पुढच्या वर्षी तो बदलला म्हणजे?