'डीआरची निवड होऊ नये' या अटीचा अर्थ काय लावायचा?

प्रश्न:
राउटिंगच्या लॅब परीक्षेचा सराव करतोय. ओएसपीएफच्या (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) भागात एवढंच लिहिलंय: 'आर१-आर२ मधल्या इथरनेटवर डीआरची निवड होऊ नये.' (डीआर म्हणजे डेझिग्नेटेड राउटर, सामायिक नेटवर्कवर निवडला जाणारा प्रमुख राउटर.) मी दोन्हीकडे ओएसपीएफचा नेटवर्क-प्रकार पॉइंट-टू-पॉइंट केला. मित्र म्हणतो पॉइंट-टू-मल्टिपॉइंट, दुसरा म्हणतो प्रायॉरिटी (डीआरच्या निवडीतला अग्रक्रम) शून्य. गुण कशाला?

उत्तर १:
प्रायॉरिटी शून्य आधी बाद करा. दोन्हीकडे शून्य ठेवलं तर डीआर नसेल हे खरं, पण नेबर (शेजारचे राउटर) टू-वेवरच अडकून बसतात, म्हणजे एकमेकांना दिसतात, पण फुल होत नाहीत (माहितीची पूर्ण देवाणघेवाण होत नाही) आणि रूटही येत नाहीत. अट पाळली, नेटवर्क मेलं!

उरलेल्या दोहोंतला फरक परिणामात आहे. मल्टिपॉइंटमध्ये इंटरफेसचा पत्ता /32 (फक्त एकाच पत्त्याचा रूट) म्हणून जाहीर होतो, आणि सिस्कोवर हॅलो (नेबरला ठरावीक वेळाने जाणारा संदेश) 10 ऐवजी 30 सेकंदांचा होतो. म्हणून बाकीचे प्रश्न चाळा; /32 किंवा टायमरबद्दल कुठेतरी एखादी ओळ असतेच, असा माझा तरी अंदाज. (पेपर काढणारे ती मुद्दाम लांब ठेवतात, असा संशय आहे.)

उत्तर २:
तरीही नाही सुटलं तर प्रॉक्टरला (परीक्षेच्या पर्यवेक्षकाला) विचारा. 'काय करू?' असं नको, त्याला उत्तर मिळत नाही. 'दोन्ही मार्गांनी अट पूर्ण होते, टेबलात /32 रूट आलेले चालतील का?' असं नेमकं विचारा.

प्रश्नकर्ता:
सापडलं! बीजीपीच्या (दुसरा एक राउटिंग प्रोटोकॉल) भागात: 'आर३ वर लूपबॅक सोडून एकही /32 नको.' (लूपबॅक म्हणजे राउटरमधला आभासी इंटरफेस.) मल्टिपॉइंटने /32 येतील, म्हणून पॉइंट-टू-पॉइंटच ठेवतो.