मॅक्सला उपाशी झोपवलं, ही ओळ मराठीत सांगताना गाळावी का?

खिडकीपाशी

मॉरिस सेंडॅक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे चित्रपुस्तक गेले दोन आठवडे आमच्याकडे रोज रात्री चालू आहे. मी मराठीत सांगते, साडेचार वर्षांचा लेक पानं उलटतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा पोशाख घालून घरभर उच्छाद मांडतो. भिंतीत खिळे ठोकतो, जेवणाचा काटा घेऊन कुत्र्यामागे धावतो. आई ओरडली तर उलट तिलाच म्हणतो, “तुला खाऊन टाकीन!” मग आई त्याला काही खायला न देता झोपायला पाठवते. त्याच्या खोलीत जंगल उगवतं. होडीत बसून तो अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जातो, त्यांचा राजा होतो, सगळे मिळून धुडगूस घालतात. शेवटी तो त्यांनाही उपाशी झोपायला पाठवतो, आणि तेवढ्यात कुठून तरी जेवणाचा वास येतो. परत येतो तर खोलीत ताट वाढून ठेवलेलं. अजून गरम.

परवा सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “लेकराला उपाशी झोपवते ती कसली आई? ती ओळ गाळ, नुसतं आई रागावली एवढंच सांग.”

मी गाळत नाही. ती ओळ काढली तर शेवटच्या गरम ताटाला काय अर्थ उरतो? लेक पाळणाघरातून येतो तोच धुमसत येतो. एक बूट काढतो, दुसरा भिरकावतो. पोळीचा लाडू पुढे केला तर वाटी ढकलतो. कसेबसे दोन घास पोटात गेले की मांडीवर येऊन बसतो. हल्ली दारातूनच सांगतो, “आई, मी मॅक्स झालोय.” म्हणजे लाडू लवकर आण. इतके दिवस त्याला हे सांगता येत नव्हतं.

तुम्ही काय केलं असतं?

साधा_वरणभात

ताई, तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. मी सहा-सात वर्षांचा असताना मला एकदा असं झोपवलं होतं. बाहेर सगळ्यांची पंगत चाललेली, पळी पातेल्यावर आपटल्याचा आवाज ऐकू येत होता. आज चाळिशी उलटली तरी तो आवाज विसरलेलो नाही. माझ्यासाठी कुणी ताट झाकून ठेवलं नव्हतं. तुमच्या लेकाला शेवट पाठ आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्या पोराला तो ठाऊक नसतो. त्याच्या कानावर आधी धमकी पडते.

हा आक्षेप काही आपल्याच आज्यांचा नाही. ब्रूनो बेटलहाइम या अमेरिकेतल्या नावाजलेल्या बालमानसतज्ज्ञानं 1969 साली ‘लेडीज होम जर्नल’मध्ये हेच लिहिलं होतं. मुलाला अन्न देणारी आईच ते नाकारते, म्हणजे लहान मुलाला तिनं टाकून दिल्यासारखंच वाटतं, असं त्याचं म्हणणं.

खिडकीपाशी

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही असं का म्हणताय तेही कळलं. पण बेटलहाइमनं तोवर पुस्तक वाचलंच नव्हतं. आयांनी सांगितलेल्या गोष्टीवरून त्यानं मत दिलं होतं. हे पुस्तक तोंडी ऐकून कळत नाही हो. ताट चित्रात बघावं लागतं.

साधा_वरणभात

न वाचता लिहिलं ही त्याची चूकच. पण तुम्हीही लेकाला तोंडीच सांगताय ना?

जर्सीकर

आमच्या इथल्या वाचनालयात याच्या प्रती फाटेपर्यंत वाचल्या जातात. 1963 साली आलं, 1964 साली चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक मिळालं. मी पुस्तकाच्या बाजूनं आहे, आणि कारण चित्रांत आहे. सुरुवातीला चित्र पानाच्या मधोमध लहानसं, भोवती पांढरी मोकळी जागा. मॅक्सचा राग वाढतो तसं चित्र पसरत जातं. धुडगुसाची तीन जोडपानं तर कडेपर्यंत भरलेली, त्यांवर एक अक्षरही नाही. मग चित्र पुन्हा आवरतं. शेवटच्या पानावर चित्रच नाही, फक्त जेवण अजून गरम असल्याचे शब्द. अक्षर न येणाऱ्या मुलालाही राग कसा चढतो आणि कसा उतरतो ते दिसतं.

सेंडॅकनी सांगितलेला एक किस्सा: प्रकाशनसंस्थेत त्यांना ‘हॉट’ काढून ‘वॉर्म’ घाला म्हणत होते. गरम जेवणानं पोराचं तोंड भाजेल म्हणे! ते ऐकले नाहीत. मराठीत सांगून बघा, “आणि ते अजून कोमट होतं.” सगळी मायाच जाते की नाही?

उंबरठा

माझा मुद्दा वेगळा आहे. धागाकर्तीनं हे पुस्तक भुकेच्या चिडचिडीचं करून टाकलंय. ती चिडचिड खरी असते, मी नाकारत नाही. रक्तातली साखर उतरली की शरीर अ‍ॅड्रेनलिन हे उत्तेजित करणारं द्रव्य सोडतं, आणि पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदूच शरीराच्या एकूण ऊर्जेतला 40 टक्क्यांहून जास्त वाटा घेतो. इंग्रजीत ‘हंग्री’ (भुकेला) आणि ‘अँग्री’ (रागावलेला) जोडून त्याला ‘हँग्री’ म्हणतात, 2018 साली ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशातही तो शब्द गेला.

पण मॅक्सचं उलटं आहे. तो भुकेला म्हणून चिडलेला नाही, चिडला म्हणून भुकेला राहिलाय. लाडू आणून भागणारा राग वेगळा, हा वेगळा. याला आधी आईवरच राग काढायचाय. दोन्ही एकच धरलं तर मूल रडलं की त्याच्या तोंडात काहीतरी कोंबायची सवय आपल्यालाच लागेल.

खिडकीपाशी

हे मला सुचलं नव्हतं, आणि बरोबर आहे. दोन दिवस त्यावरच विचार करतेय. पण एक सांगते. मॅक्स आईला ‘मारीन’ म्हणत नाही, ‘खाऊन टाकीन’ म्हणतो. राग आणि भूक त्याच्या तोंडून एकत्रच बाहेर पडतात. घरातही मला कुठे नेमकं कळतं, आधी कुठलं आलं ते?

रानजाई

‘खाऊन टाकीन’वरून आठवलं. सेंडॅक ब्रुकलिनमध्ये पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात वाढले. रविवारी नातेवाईक जेवायला यायचे आणि आईच्या स्वयंपाकाला उशीर व्हायचा. ताटकळलेली ती भुकेली मोठी माणसं वाकून गालगुच्चे घ्यायची, किती गोड, खाऊनच टाकावंसं वाटतं म्हणायची. पोरांना वाटायचं, खरंच खातील! पुस्तकातले प्राणी म्हणजे तेच नातेवाईक, असं सेंडॅकनीच सांगितलंय. म्हणून मॅक्स निघतो तेव्हा ते रडून विनवतात, जाऊ नकोस, तुला खाऊन टाकू, इतका आवडतोस तू आम्हाला. माझी आजी पापा घेताना हेच म्हणायची. मी मराठीत ही ओळ आजीच्या आवाजात सांगते.

शाळेची_घंटा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली-दुसरीला हे पुस्तक सांगितलंय, म्हणून लिहिते.

खिचडीच्या आधीचा तास होता. ती ओळ आली आणि वर्ग गप्प झाला. एका मुलानं विचारलं, “बाई, त्यांच्याकडं काही नव्हतं का करायला?” त्याला शिक्षा कळलीच नाही. उपाशी झोपायचं म्हणजे घरात काही नसणार, एवढंच त्याच्या ओळखीचं. वरणभात दादा, तुम्ही निदान पळीचा आवाज ऐकलात. माझ्या वर्गात काही घरं अशी आहेत की तिथे तोही येत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा शालेय पोषण आहार योजनेचे महिन्याला तीन किलो तांदूळ मुलांच्या घरी जायचे. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या म्हणून आदेश दिला, त्यानंतर हळूहळू शाळेत चूल पेटली. तांदळाच्या दिवसांत मधल्या सुट्टीआधी पाटीवरून, पेन्सिलीवरून मारामाऱ्या ठरलेल्या. ओरडून, उभं करून काही उपयोग व्हायचा नाही. आता डाळ शिजल्याचा वास वर्गात आला की तीच पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. आम्हा बायांना हे कुणी शिकवलं नव्हतं, वर्षानुवर्षं बघून कळलं.

तेव्हा ओळ गाळायची की नाही, हे पुढ्यात कुठलं मूल बसलंय त्यावर आहे. त्या दिवसापासून मी माझ्या वर्गात ती बदलते. “जेवण तयार होतं, पण आई म्हणाली, आधी खोलीत जा.” जेवण तयार होतं, हे मला आधी सांगावं लागतं. तुमच्या घरी नाही लागणार.

साधा_वरणभात

बाई, ‘जेवण तयार होतं’ हे मी उचलतो. माझ्या मुलीला असंच सांगेन. मूळ ओळ ती वाचायला शिकली की तिची तीच वाचेल.

खिडकीपाशी

बाईंचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. काल रात्री मात्र पुस्तक त्यांनी हातात घेतलं आणि आपल्या मनानं सांगायला लागल्या, “आई म्हणाली, जा खोलीत, शांत झालास की ये जेवायला.”

लेकानं पान दाबून धरलं. “नाही आजी. जेवायला नाही दिलं.”

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “बरं, नाही दिलं. मग?”

“मग जंगल उगवलं.”