मूल आधी न्यायचे आणि पुरावा मागाहून शोधायचा?

सडेतोड (धागालेखक)

‘ज्यांच्या घरात काळेबेरे नाही, त्यांनी बालसंरक्षण विभागाच्या माणसाला दार उघडायला का कचरावे? पालकांच्या हक्कांचे स्तोम माजवल्यामुळेच अमेरिकेत मुले जिवाला मुकतात,’ असे एका सदस्याने परवा ठणकावून लिहिले आणि त्यावर माना डोलावणाऱ्यांची रांग लागली, म्हणून हा वेगळा धागा.

चोराच्या घरात शिरायलाही पोलिसाला वॉरंट लागते, याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. सोशल वर्करला त्यातून सूट नाही, हे मात्र अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या (पश्चिमेकडील राज्यांच्या) संघीय अपील न्यायालयाला १९९९ साली कॅलाब्रेटा खटल्यात बजावून सांगावे लागले. प्रकरणाची सुरुवात एका निनावी फोनने झाली होती. आईने आत घ्यायला नकार दिला, तेव्हा सोशल वर्कर काही दिवसांनी पोलिसाला बरोबर घेऊन आली, आणि तीन वर्षांच्या मुलीचे कपडे आईलाच खाली करायला लावून वळ शोधले गेले. वळ नव्हते.

तातडीचा धोका असेल तर आदेशाविना मूल नेता येते, आणि ते योग्यच आहे. परंतु तातडी आहे की नाही हे मूल नेणारेच ठरवतात, आणि न्यायाधीशापुढे पहिली सुनावणी होईपर्यंत मूल परक्या घरात झोपलेले असते. पालकत्व कायमचे संपवण्याच्या खटल्यातसुद्धा प्रत्येक गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील देण्याचे बंधन राज्यघटना घालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या लासिटर निकालात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला हा हक्क १९६७ पासून आहे. पुढे १९८२ च्या सँटोस्की निकालाने ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ पुराव्याची अट घातली खरी, पण ती शेवटच्या टप्प्यासाठी, आणि तिथवर पोहोचेतो १९९७ च्या कायद्याने ठरवलेली मुदत संपत आलेली असते: गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फोस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारच्या ताब्यात परक्या घरी, राहिले, की काही अपवाद वगळता पालकत्व संपवण्याचा अर्ज करणे राज्याला भाग पडते. व्यसनमुक्ती केंद्रात जागा मिळण्याची वाट पाहण्यात आईचे जे महिने गेले, ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

खडूफळा

निकालांची यादी बिनचूक आहे, मात्र १९८९ चा डीशॅनी त्यातून सोयीस्करपणे गळला आहे. विस्कॉन्सिनमधील त्या चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरच्या जखमा सोशल वर्करने आपल्या नोंदींत लिहून ठेवल्या होत्या, तरी त्याला बापाकडेच राहू दिले. मारहाणीत त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली, आणि बापापासून त्याला वाचवण्याचे घटनात्मक बंधन राज्यावर नव्हते, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे मूल चुकीने नेले तर पालक घटनेचा आधार घेऊन दावा लावू शकतात, चुकीने घरी ठेवले तर मुलाला तो आधार नाही. तरीही आपल्या मते अन्याय पालकांवरच होतो!

मी अमेरिकेतील एका शाळेत शिकवते. मे महिन्याच्या उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून येणाऱ्या एका मुलाने फळा पुसायला हात वर केला, बाही घसरली, आणि कोपराच्या आतल्या बाजूला सिगारेटच्या चटक्यांचे गोल डाग दिसले. मी मधल्या सुट्टीतच फोन केला. त्या क्षणी त्याच्या बापाचे घटनात्मक हक्क मला आठवले नाहीत, याची मला तिळमात्र खंत नाही.

तिरकस

खडूफळाताई, आपल्यासारख्याच तत्पर मंडळींचा प्रसाद आमच्या घरानेही चाखला आहे. माझ्या पुतणीच्या कमरेखाली जन्मापासून निळसर डाग होता, जो आपल्याकडच्या कित्येक बाळांना असतो आणि पुढे आपोआप फिका होतो. पाळणाघरातील बाईंना तो मारहाणीचा वाटला. त्याच संध्याकाळी दोन अधिकारी दारात उभे राहिले, बाळाला उघडे करून फोटो काढले गेले, आणि थोरल्या मुलाला स्वयंपाकघरात वेगळे नेऊन ‘बाबा मारतात का?’ असे विचारले गेले. डॉक्टरांच्या पत्राने प्रकरण मिटले. वहिनी मात्र त्यानंतर बाळाला दवाखान्यात न्यायलाही घाबरत असे.

खडूफळा

वाईट झाले, पण दोष त्या बाईंच्या माथी मारू नये. संशय येऊनही कळवले नाही, तर शिक्षा आम्हाला होते. डाग जन्मखूण आहे की वळ, हे पाळणाघराने ठरवायचे नसून डॉक्टरांनी ठरवायचे असते, आणि शेवटी तेच घडले.

तिरकस

शिक्षेची भीती गप्प बसणाऱ्याला, आणि सद्भावनेने केलेल्या चुकीच्या तक्रारीला कायद्याचे अभय! मग फोन करण्याआधी क्षणभर विचार कोण करील? गैरसमज झालेल्या त्या बाई तरी परवडल्या, सूड उगवायला निनावी फोन करणाऱ्या शेजाऱ्याचे काय?

खडूफळा

सूडबुद्धीच्या शेजाऱ्याशी माझी तुलना करण्यापूर्वी आपण तो हात पाहायला हवा होता. घरी बसून न्यायशास्त्र शिकवणे सोपे असते.

हिशेबनीस

दोघांनीही आवाज जरा खाली आणावा. ताईंनी सांगितले ते चटके आहेत. परंतु ज्या मुलांची आबाळ किंवा छळ झाल्याचे तपासात ठरते, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणे हेळसांडीची असतात, आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणी हेळसांड कुठे संपते व गरिबी कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण असते. टेक्सासने २०२१ मध्ये हेळसांडीची व्याख्या आवळली, आणि २०२३ पासून नाव व फोन नंबर न देता केलेली तक्रार तेथे घेतली जात नाही. नाव गोपनीय राहते, पण विभागाला ते ठाऊक असते.

खडूफळा

निनावी फोन बंद झाले तर माझे काहीच अडत नाही, कारण मी नाव सांगूनच बोलते. वकिलाचा मुद्दाही घ्या, मी देऊन टाकला. बहुतेक राज्यांनी तो स्वतःच्या कायद्याने कधीच दिलेला आहे, हे धागालेखकांनी लिहिले असते तर धाग्याची धार कमी झाली असती, एवढेच.

सडेतोड

उदारपणाबद्दल आभारी आहे. दिलेला आहे, पण कित्येक ठिकाणी तो वकील आईला पहिल्या सुनावणीच्या दिवशी, न्यायालयाच्या व्हरांड्यातच प्रथम भेटतो. चटके बसलेल्या मुलाला त्याच दिवशी घराबाहेर काढावे, यावर माझा वाद नव्हता आणि नाही. रिकाम्या फ्रिजचा फोटो काढून मूल नेणाऱ्याला आधी न्यायाधीशाची सही का लागू नये, याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही.