प्रतिसाद: दिव्यांचा अर्ज नव्या मंडळाने कसा करावा

वस्तीतल्या अंधाऱ्या गल्ल्यांत दिवे लावायला इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक भागातल्या कंपन्यांकडे थेट सीएसआर निधी (कंपन्यांनी कायद्यानुसार समाजकामासाठी खर्चायचा पैसा) मागा, असं मूळ पोस्टमध्ये सुचवलंय. दिशा योग्य आहे, पण मंडळ नवं असेल तर अर्ज तिथेच अडकेल. संस्थेला १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या, सीएसआर-१ क्रमांक (सीएसआरची कामं करण्यासाठीचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे इंदूरमधल्या एखाद्या जुन्या संस्थेला अर्जदार करा. आपल्या मंडळाचं काम आणि पैशांचे हप्ते करारात लिहून घ्या, तोंडी भरवशावर मुळीच राहू नका.

खरी मेख आहे खांबांच्या मालकीत. सीएसआर नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नगर निगमकडे (महापालिकेकडे) जाणार असेल तर अर्जाआधीच त्यांचं पत्र मिळवा: वीजजोडणी कोणाच्या नावे, बिल कोण भरणार, बंद दिवा किती दिवसांत बदलणार. हे न ठरवता खांब उभे केले की पहिल्याच पावसाळ्यात जोडणीच्या डब्यात पाणी शिरतं, दिवा जातो आणि दुरुस्तीला कोणी येत नाही.

पाहणी अमावास्येच्या आसपास, रात्री आठनंतर करा, आणि बायकांना बरोबर घेऊनच. सार्वजनिक शौचालयाची वाट, नाल्याकाठचं वळण, रिक्षा थांबते ती जागा, या गोष्टी दिवसा काढलेल्या नकाशात सुटतात. प्रत्येक जागेचा फोटो आणि जवळच्या खांबापासूनचं अंतर प्रस्तावाला जोडा. खर्चात देखभालीची रक्कम वेगळी दाखवा.