उकळून फ्लोराइड जात नाही
बोअरच्या पाण्यात फ्लोराइड (जमिनीतून पाण्यात उतरणारा, जास्त झाला तर दात-हाडांना अपाय करणारा क्षार) असेल तर पाणी उकळून प्या, असं कुणीतरी म्हटलंय. जंतूंसाठी ठीक, पण फ्लोराइड त्याने जात नाही. वाफ उडून उलट त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. यूव्हीचाही (अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या फिल्टरचाही) इथे उपयोग नाही. आरओ चालतो, पण पाणी किती वाया घालवतो! यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरवेलच्या गावांत उन्हाळ्यात ते परवडणार कसं?

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची नलगोंडा पद्धत घरी बादलीतही जमते: चुना आणि तुरटी घालून ढवळायचं, गाळ बसला की वरचं पाणी गाळून घ्यायचं. मात्र तुरटी किती, हे फ्लोराइड आणि पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता) पाहून ठरतं, त्यामुळे अंदाजपंचे टाकू नका. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा (फ्लोराइड शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) फिल्टरही चांगला, फक्त ते माध्यम वेळोवेळी रिजनरेट करावं, म्हणजे रसायनाने धुऊन पुन्हा वापरण्याजोगं करावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं. आधी पाणी तपासून घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर ते पिऊ नका.