मदत हवी आहे: दोन भावंडांना एकत्र सांभाळणारं कुटुंब कसं शोधू?

नमस्कार. अनाथ मुलांना पालक कुटुंबांत ठेवणाऱ्या एका संस्थेत मी काम करते. सध्या दोन भावंडं आहेत, ताई नऊ वर्षांची, भाऊ चार वर्षांचा. विचारणा येते ती फक्त धाकट्याची. तो तर तिच्या कुशीत शिरल्याशिवाय झोपतही नाही! संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही जिव्हाळा असलेल्या भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये असं आहे, आणि मला ते मनापासून पटतं. काहीजण पालक कुटुंब म्हणून मूल सांभाळण्याला दत्तक घेणंच समजतात. मूल कायद्याने तुमचं होत नाही म्हटलं की मागे फिरतात. काहींना मोठं मूल रुळणार नाही ही भीती.

तुमच्यापैकी कुणी दोघांना एकत्र सांभाळलंय का? पहिले महिने कसे गेले? बिचकणाऱ्या कुटुंबाशी बोलायला सुरुवात कुठून करू?