‘लीन’ उत्पादन, मुदा, कायझेन, जिदोका : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : टोयोटा या जपानी मोटार कंपनीच्या उत्पादनपद्धतीविषयीच्या व्यवस्थापनविषयक मजकुराच्या अनुवादात ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’साठी ‘काटकसरीचे उत्पादन’, ‘मुदा’साठी ‘अपव्यय’ आणि ‘कायझेन’साठी ‘सतत सुधारणा’ असे शब्द योजले आहेत. ते मूळ अर्थाला धरून आहेत का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १ : ‘काटकसरीचे’ हा शब्द दिशाभूल करतो. ‘लीन’ (इंग्रजीत ‘अंगावर मेद नसलेला’) ही संज्ञा टोयोटाची नव्हेच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मोटार उद्योगावरील संशोधन प्रकल्पात काम केलेल्या जॉन क्राफसिक यांनी ती १९८८ मधील लेखात वापरली आणि तिच्यासमोर ‘बफर्ड’ म्हणजे राखीव साठ्याच्या आधाराने चालणारे उत्पादन उभे केले. म्हणजेच येथे मुद्दा पैसे वाचवण्याचा नसून, कामातील अडचणी ज्याच्याखाली झाकल्या जातात असा जादा माल न बाळगण्याचा आहे. ‘लीन’ तसेच ठेवावे, तर मराठी वाचकाला आधी ‘चरणी लीन’ आठवते. मला ‘काटक’ हे विशेषण सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यात अंगावर मेद नसणे आणि ताकद असणे हे दोन्ही एकदम येते. मात्र ‘काटक’ म्हणजे ‘काटकसरी’ नव्हे, एवढी तळटीप द्यावी लागेल.

‘अपव्यय’ म्हटले की खर्च डोळ्यांसमोर येतो. टोयोटाचे अभियंते ताइची ओनो यांनी मुदाचे जे सात प्रकार सांगितले, त्यांत गरजेपेक्षा जास्त उत्पादन, ताटकळणे, मालाची अनावश्यक ने-आण, नको असलेली प्रक्रिया, साठा, कामगाराची विनाकारण हालचाल आणि सदोष माल हे येतात. सुटा भाग आणायला कामगार दहा पावले चालतो तेव्हा कोणी उधळपट्टी करत नाही, पण त्या चालण्याने ग्राहकाला हवे असलेले काहीही घडत नाही. म्हणून ‘निरर्थक’ किंवा ‘वाया जाणारे’ अशी रचना बरी. शिवाय मुदा एकटा येत नाही. कामाचा असमान ओघ म्हणजे ‘मुरा’, आणि माणसावर किंवा यंत्रावर पडणारा अवाजवी भार म्हणजे ‘मुरी’, ज्याला ‘ओढाताण’ हा आपला शब्द चपखल बसतो. महिन्याचे पहिले आठवडे संथ आणि शेवटचा धावपळीचा असला, की चढउतारातून ओढाताण आणि ओढाताणीतून सदोष माल निघतो. तेव्हा केवळ मुदा हटवण्याची मोहीम फार काळ टिकत नाही.

प्रतिसाद २ : ‘काटक’ पटले, परंतु ‘सतत सुधारणा’विषयी वेगळे मत आहे. ‘काय’ म्हणजे बदल आणि ‘झेन’ म्हणजे चांगले. जपानीत कायझेन हा ‘सुधारणा’ या अर्थाचा रोजच्या वापरातला शब्द असून ‘सतत’ त्यात कोठेही नाही. तो भाग प्रथेतून आला, आणि जपानी व्यवस्थापन सल्लागार मासाआकी इमाई यांच्या १९८६ मधील पुस्तकानंतर जपानबाहेर रूढ झाला. संकल्पनेचा गाभा असा, की काम करण्याची ठरलेली रीत आधी लिहिलेली असावी, तिच्यातला दोष प्रत्यक्ष काम करणाऱ्याने दाखवावा आणि सुधारलेली रीत हीच नवी ठरलेली रीत व्हावी. तिच्या जडणघडणीत युद्धोत्तर जपानमध्ये पोहोचलेले अमेरिकी कामगार-प्रशिक्षण आणि अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांची १९५० मधील व्याख्याने यांचाही वाटा आहे, त्यामुळे तिला निव्वळ जपानी परंपरा म्हणणे ओढून ताणून होईल. संदर्भ कारखान्याचा असेल तर ‘कायझेन’ तसेच ठेवावे.

प्रतिसाद ३ : ‘जिदोका’चे भाषांतर ‘स्वयंचलन’ असे सर्रास होते, ते टाळावे. नेहमीच्या स्वयंचलनाचा जपानी उच्चारही हाच आहे. टोयोटाने या शब्दाच्या जपानी लेखनातील मधल्या चिन्हाला माणसाची खूण जोडून अर्थ बदलला. या विचाराचे मूळ टोयोटा उद्योगसमूहाचे संस्थापक साकिची तोयोदा यांच्या कापड विणण्याच्या मागात आहे. न थांबता धोटा बदलणारा त्यांचा १९२४ चा ‘जी’ प्रकारचा माग धागा तुटताच आपोआप थांबत असे, म्हणून एका कामगाराला प्रत्येक मागासमोर पहारा न देता अनेक माग सांभाळता येत. मोटारींच्या जुळणीत हेच काम दोरी करते. दोष दिसताच कामगार ती ओढतो, फलकावरचा दिवा लागतो आणि गटप्रमुख धावून येतो. गाडी त्या टप्प्याच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचण्यापूर्वी अडचण सुटली नाही, तरच जुळणीची रांग थांबते. मराठीत ‘दोष दिसताच थांबणारी व्यवस्था’ असे लांबट लिहावे लागले तरी चालेल, कारण ‘स्वयंचलन’ या शब्दात थांबणे अजिबात येत नाही.